नद्या, धर्म आणि सहा तारा

जॉन फाही या अमेरिकन गिटारवादकाचा ‘ऑफ रिव्हर्स अँड रिलिजन’ हा संग्रह १९७२ साली रिप्राइज या कंपनीने काढला. शीर्षकाचा अर्थ ‘नद्यांविषयी आणि धर्माविषयी’. धर्माचे नाव धारण करणाऱ्या या संग्रहात गायन मात्र नाही. पोलादी तारांची गिटार आणि काही ठिकाणी तिच्या सोबतीला एक बँड, एवढ्यावर त्याचा संसार उभा आहे. असे असूनही ब्लूज, धर्मगीत आणि डिक्सिलँड जॅझ या तीन प्रवाहांचे मूळ नाते तो ज्या सहजतेने ऐकवतो, ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

प्रथम वादनाविषयी. फाही तारा एकत्र झोडपत नाही, बोटांनी वेगवेगळ्या छेडतो. अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर आलटून पालटून, पावले टाकावीत तसा पडत राहतो आणि उरलेली बोटे वरच्या तारांवर चाल गातात. एकाच हातात गायक आणि साथीदार दोघेही असतात. (द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या उपासनेत गिटार रुळली खरी, पण आपल्या गायनवृंदांत बहुधा ती टाळ धरावा तशी वाजवली जाते. एकट्या गिटारवर पूर्ण भक्तिगीत उभे राहू शकते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.)

अंगठ्याचा हा ठेका फाहीचा स्वतःचा शोध नव्हे. मिसिसिपीतील कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वादनातून तो त्याने उचलला आणि ते ऋण उघडपणे मानले. १९६३ मध्ये बुका व्हाइट आणि १९६४ मध्ये स्किप जेम्स या विस्मृतीत गेलेल्या ब्लूज कलावंतांना शोधून काढणाऱ्यांत तो होता. चार्ली पॅटन या आद्य ब्लूज गायकावर त्याने विद्यापीठाचा प्रबंधही लिहिला. या पॅटनची एक गोष्ट आमच्या विषयाशी निगडित आहे. त्याचे ब्लूज त्याच्या नावाने विकले जात, मात्र त्याच्या काही धर्मगीतांच्या तबकडीवर ‘एल्डर जे. जे. हॅडली’ असे धर्मोपदेशकाला शोभणारे टोपणनाव छापले गेले. गळा तोच, गिटार तीच. पण शनिवारी रात्री गुत्त्यात गाणारा माणूस रविवारी देवाचे गाणे गातो, हे त्या समाजातील भाविकांना रुचणारे नव्हते. ब्लूज म्हणजे सैतानाचे संगीत, असे तेथे अनेकजण मनापासून मानीत.

ही भिंत फाहीच्या मनात मुळातच पडलेली होती. तरुणपणी त्याने ब्लाइंड विली जॉन्सन या अंध धर्मगीत गायकाची तबकडी प्रथम ऐकली, तेव्हा त्याला मळमळून आले. थोड्या वेळाने तीच पुन्हा ऐकावीशी वाटली आणि ऐकता ऐकता त्याला रडू कोसळले. हा अनुभव त्याने स्वतःच सांगून ठेवला आहे. प्रस्तुत संग्रहातील धर्मगीतांमागे विद्वत्तेइतकेच हे रडू आहे, अशी आमची धारणा आहे.

संग्रहातील सर्वांत धाडसी जोडणी म्हणजे ‘डीप रिव्हर’ आणि ‘ओल मॅन रिव्हर’. पहिले गुलामगिरीच्या काळातून आलेले अध्यात्मगीत. त्यातील नदी यार्देन. तिच्या पलीकडे वचनदत्त भूमी. दुसरे १९२७ च्या ‘शो बोट’ या संगीत नाटकासाठी जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी रचलेले, त्यातील नदी मिसिसिपी. एक पार करून मुक्त व्हायचे, दुसरीच्या काठी राबत राहायचे. भक्तांच्या ओठी घडलेले गीत आणि तिकिटबारीसाठी लिहिलेले गीत एका पंक्तीत बसवणे योग्य आहे काय? कागदावर हा प्रश्न आम्हांला बोचतो. शब्द गळून पडल्यावर मात्र उरते ती दोन्हींतली संथ, जड ओढ, आणि तेथे आमचा आक्षेप दुबळा ठरतो.

डिक्सिलँडविषयी आमचे मत इतके अनुकूल नाही. ही न्यू ऑर्लिन्स या जुन्या कॅथलिक परंपरेच्या शहरातील जॅझची पद्धत. तिच्यात ट्रम्पेट चाल सांगतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेली चढवतो आणि ट्रॉम्बोन खालून आधार देतो. त्या शहरात अंत्ययात्रेपुढे बँड चालतो. दफनभूमीकडे जाताना संथ धर्मगीत, परतताना नाचरी चाल. गोव्यात वा मुंबईत ख्रिस्ती अंत्ययात्रेपुढे वाजणारा बँड ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यातील पूर्वार्ध परका वाटणार नाही. उत्तरार्ध मात्र वाटेल. फाहीने या शैलीची साथ घेतली ती म्हणूनच विसंगत नाही. तथापि ‘टेक्सास अँड पॅसिफिक ब्लूज’ या रेल्वेच्या नावाच्या रचनेत बँड प्रसन्न वाजतो खरा, पण अंगठ्याचे काम वाद्यमेळाने काढून घेतले की फाहीला करण्यासारखे थोडेच उरते. ज्याच्या हातात आधीच एक बँड आहे त्याला दुसरा कशाला? याउलट ‘स्टीमबोट ग्वाइन राउंड द बेंड’ मध्ये तारांवर धातू सरकवून काढलेले लांबट, वाकणारे स्वर नदीचे वळण डोळ्यांपुढे आणतात. तेथे दुसऱ्या कुणाची गरज भासत नाही.

संग्रहाचे हृदय ‘फ्युनरल साँग फॉर मिसिसिपी जॉन हर्ट’ या रचनेत आहे. हर्ट हा अ‍ॅव्हलॉन या खेड्यातील शेतमजूर. १९२८ मध्ये त्याने काही गाणी मुद्रित केली. त्यांत ब्लूज होते तशी धर्मगीतेही होती. पुढे पस्तीस वर्षे तो शेतीत राबला, १९६३ मध्ये पुन्हा लोकांना सापडला आणि १९६६ मध्ये वारला. फाहीने १९६७ च्या ‘रेक्विया’ संग्रहातही त्याच्यासाठी एक शोकरचना वाजवली होती. पाच वर्षांनी तो त्याच मृत्यूकडे परततो, म्हणजे हे प्रसंगापुरते शोकप्रदर्शन नव्हे. आलटून पालटून पडणारा अंगठा ही तर हर्टच्याच वादनाची ओळख. गोऱ्या वादकाला कृष्णवर्णीयांचे दुःख वाजवण्याचा अधिकार कोणी दिला, असे विचारणाऱ्याला आम्ही हीच रचना ऐकण्यास सांगू. येथे फाही हर्टच्या वतीने बोलत नाही, हर्टसाठी बोलतो. मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

मिस्सेत हे संगीत वाजवावे, असे आम्ही म्हणणार नाही. ते विधीसाठी घडलेलेच नाही. पण नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावून घरी परतल्यावर, मुलेबाळे जवळ बसली असताना ते लावण्यास काहीच हरकत नाही.

संग्रहाचा खप बेताचाच झाला. १९७३ मध्ये ‘आफ्टर द बॉल’ हा त्याच धर्तीचा दुसरा संग्रह आला आणि रिप्राइजशी फाहीचा संबंध संपला. उत्तरायुष्यात ओरेगन राज्यातील सेलम गावी त्याने हलाखीचे दिवस काढले. स्वस्त लॉजमध्ये आणि निराधारांसाठी चालवलेल्या ख्रिस्ती निवाऱ्यातही तो राहिला. तेथेच २००१ मध्ये तो वारला. नव्या श्रोत्याने अनुक्रम मोडून आधी हर्टची शोकरचना ऐकावी, मग दोन नद्यांची जोडणी. बँडच्या रचना सावकाश.