‘द किंक्स’ आणि रे डेव्हिस : उपेक्षा नेमकी कशाची?

प्रास्ताविक

१९६० च्या दशकातील ब्रिटिश रॉक संगीताचा इतिहास सांगताना बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स ही नावे प्रथम घेतली जातात, त्यापाठोपाठ ‘द हू’ येतो, आणि चौथ्या क्रमांकावर बहुधा ‘द किंक्स’ या बँडचा उल्लेख होतो. हे चौथे स्थान अन्यायकारक आहे, बँडचे गीतकार-गायक रे डेव्हिस यांना त्यांच्या योग्यतेचे श्रेय मिळालेले नाही, अशी तक्रार जाणकार रसिक दीर्घकाळ करीत आले आहेत. या तक्रारीत तथ्य किती आणि ते नेमके कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

केवळ मानसन्मानांचा हिशेब मांडला तर तक्रार टिकत नाही. उत्तर लंडनमधील मसवेल हिल परिसरात, सहा बहिणींच्या पाठीवर जन्मलेल्या रे (जन्म १९४४) आणि डेव्ह (जन्म १९४७) या डेव्हिस बंधूंनी पीट क्वाइफ व मिक एव्हरी यांच्यासह उभ्या केलेल्या या बँडची तीन गीते १९६४ ते १९६६ या काळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. १९९० मध्ये अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये बँडचा समावेश झाला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या सांगता समारंभात रे डेव्हिस यांनी ‘वॉटर्लू सनसेट’ गायिले आणि २०१७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ज्याची राष्ट्राने एवढी दखल घेतली त्याला उपेक्षित म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही कठीणच. प्रश्न असा विचारला पाहिजे की, ही दखल कशाची घेतली गेली?

दोन ओळखी

किंक्सची पहिली ओळख आहे ती गोंगाटाची. ऑगस्ट १९६४ मधील ‘यू रिअली गॉट मी’ या गीतासाठी डेव्हने आपल्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा रेझर ब्लेडने फाडला आणि गिटारचा जो खरखरीत, चिरलेला आवाज काढला, त्यातून पुढील हेवी मेटल संगीताची वाट निघाली असे सर्वत्र सांगितले जाते. १९७८ मध्ये व्हॅन हेलन या अमेरिकन बँडने तेच गीत पुन्हा गाऊन त्यावर शिक्कामोर्तब केले. हे श्रेय रास्त आहे. (ते डेव्हचे आहे, हे मात्र बहुतेक वेळा विसरले जाते, थोरल्या भावाच्या उपेक्षेबद्दल लिहिणारे धाकट्याची उपेक्षा सहज करून जातात.)

दुसरी ओळख १९६६ नंतरची. इंग्लंडच्या जुन्या दिवसांचा, चहाच्या कपांचा, गावच्या हिरव्या मैदानाचा गायक, म्हणजेच मराठी समीक्षेच्या परिभाषेत स्मरणरंजनाचा कवी. ही ओळख प्रेमाने दिली गेली आहे; पण माझ्या मते डेव्हिस यांचे अवमूल्यन झाले आहे ते याच प्रेमळ शिक्क्यामुळे. गतकाळाविषयी हळवे होणे ही निरुपद्रवी वृत्ती मानली जाते आणि निरुपद्रवी कलावंताचे आपण फार बारकाईने वाचन करीत नाही.

निवेदकाचा प्रश्न

डेव्हिस यांचे खरे सामर्थ्य त्यांच्या निवेदकांत आहे. त्यांच्या उत्तम गीतांतील ‘मी’ हा बहुधा कवी नसतो. तो नाट्यात्म स्वगत बोलणारा, कधी स्वतःलाच फसविणारा कोणी तिसरा माणूस असतो. ‘सनी आफ्टरनून’ (१९६६) मध्ये करांनी सर्वस्व नेलेला एक ऐषआरामी गृहस्थ आपल्या प्रशस्त घरात उन्हात पडून कुरकुर करीत आहे. चाल इतकी सुस्त आणि गोड की ऐकणारा त्याच्या बाजूचा होतो. मध्येच तो सहज सांगून जातो की, प्रेयसी माहेरी निघून गेली आहे आणि त्याच्या दारूच्या व क्रूरपणाच्या कहाण्या सांगत सुटली आहे. त्या एका उल्लेखाने आपली सहानुभूती डळमळते. गाणे मात्र त्याच सुस्त लयीत पुढे जाते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या बीटल्सच्या ‘टॅक्समन’शी याची तुलना करून पाहावी. तेथेही वक्ता कवी नाही, करवसुली करणारा अधिकारीच बोलतो. पण उपहासाचे लक्ष्य कोण आहे याविषयी श्रोत्याला क्षणभरही शंका राहत नाही. डेव्हिस यांच्या गीतात ती शंका शेवटपर्यंत राहते, आणि १९६६ च्या लोकप्रिय संगीतात हे दुर्मीळ होते.

‘वॉटर्लू सनसेट’ (१९६७) विषयी एवढे लिहिले गेले आहे की येथे एकच मुद्दा पुरेसा आहे. थेम्सकाठच्या संध्याकाळचे ते गीत प्रेमगीत म्हणून ओळखले जाते. परंतु त्यातील प्रेमिक टेरी आणि ज्युली हे आहेत, निवेदक नव्हे. निवेदक खिडकीतून पाहणारा, गर्दीला बिचकणारा, बाहेर न पडणारा माणूस आहे. आपल्याला मित्रांची गरज नाही असे तो ज्या रीतीने सांगतो त्यावरून ती गरज किती आहे हे कळते. ऑलिंपिकच्या मैदानावर हजारो लोकांनी हे गीत उत्सवगीत म्हणून ऐकले, यात थोडा विनोद आहेच.

‘व्हिलेज ग्रीन’ आणि त्याचे अपयश

२२ नोव्हेंबर १९६८ रोजी ‘द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. योगायोगाने बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ ब्रिटनमध्ये त्याच दिवशी बाजारात आला. किंक्सच्या अल्बमला ब्रिटिश विक्रीयादीत स्थानच मिळाले नाही. बँडच्या उपेक्षेचे सर्वमान्य स्पष्टीकरण असे की, १९६५ च्या अमेरिका दौऱ्यानंतर तेथील संगीतकारांच्या संघटनेने किंक्सना कार्यक्रमांची परवानगी नाकारली आणि १९६९ पर्यंत ते त्या देशात जाऊ शकले नाहीत. हे नुकसान मोठे होते, यात वाद नाही. रॉक संगीताचा बाजार आणि त्याची समीक्षा हे दोन्ही याच चार वर्षांत अमेरिकेत आकाराला आले. पण अमेरिकेतील बंदीमुळे ब्रिटनमधील श्रोत्यांनी अल्बम का घेतला नाही, हे समजत नाही. तेथे त्यांना कोणी अडविले नव्हते. कारण साधे असावे. ते वर्ष पॅरिसच्या रस्त्यांवरील विद्यार्थ्यांचे होते, जिमी हेंड्रिक्सच्या गिटारचे होते. त्यात मुरंबा आणि चिनी मातीचे कप जपण्याची भाषा करणारे लोक म्हातारे वाटले. शिवाय ‘डेज’ हे त्याच वर्षी लोकप्रिय झालेले गीत ब्रिटनमधील अंतिम आवृत्तीतून वगळले गेले होते.

आज हा अल्बम अभिजात मानला जातो, पण वाचला जातो तो त्याच चुकीने. शीर्षकगीतात ज्या वस्तू जपावयाच्या आहेत त्यांच्या यादीत डोनाल्ड डक आहे. ‘अस्सल इंग्रज’ वारशात अमेरिकन कार्टूनमधील बदक कसे आले, असा प्रश्न विचारला की ही यादी किती खट्याळपणे रचली आहे हे ध्यानात येते. ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट १९६८ मध्ये वाफेची इंजिने बंद केली. अल्बममधील वाफेवर चालणारी शेवटची गाडी संग्रहालयात उभी आहे, आणि तिचे गाणे अमेरिकन ब्लूजच्या ठेक्यावर आहे. वॉल्टर नावाच्या बालमित्राला आठवणारा निवेदक स्वतःच कबूल करतो की, वॉल्टर आता भेटला तर तो आपल्याला ओळखणारही नाही. तो लठ्ठ, विवाहित आणि लवकर झोपणारा झाला असेल आणि जुन्या गोष्टींनी कंटाळून जाईल. याला स्मरणरंजन म्हणता येणार नाही. स्मरणरंजन कसे घडते आणि ते कोठे तुटते, याची ही चिकित्सा आहे.

मुंबईची एक पहाट आणि ‘व्हिक्टोरिया’

मराठी वाचकाला या बँडशी जोडणारा एक धागा येथे नोंदविणे आवश्यक आहे. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना किंक्सचा मुक्काम मुंबईत पडला. पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचे गाणे कानी पडल्याचे डेव्हिस यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्यातून जुलै १९६५ चे ‘सी माय फ्रेंड्स’ हे गीत आले. सतार वापरणारे बीटल्सचे ‘नॉर्वेजियन वुड’ त्यानंतर डिसेंबरमध्ये आले, म्हणून पहिलेपणाचा मान किंक्सना द्यावा असा आग्रह धरला जातो. तो फारसा उपयोगाचा नाही. यार्डबर्ड्सचा अशाच स्वरूपाचा प्रयोग काही आठवडे आधीचा आहे. लक्षणीय आहे ते हे की, डेव्हिस यांनी भारतीय वाद्य घेतले नाही आणि भारताचे वर्णनही केले नाही. गिटारवरच तंबोऱ्यासारखा अखंड आधारस्वर धरून त्यांनी नदीपलीकडच्या मित्रांकडे पाहत राहिलेल्या एकाकी माणसाचे गाणे केले. ऐकलेला सूर त्यांनी सजावट म्हणून वापरला नाही.

१९६९ च्या ‘आर्थर’ या अल्बममधील ‘व्हिक्टोरिया’ भारतीय कानांना अधिक अस्वस्थ करते. हा अल्बम, डेव्हिस यांच्या ऑस्ट्रेलियाला स्थलांतरित झालेल्या मेहुण्यावरून सुचलेला, ग्रॅनाडा टेलिव्हिजनसाठी लिहिलेला. त्यातील नाटक कधी सादरच झाले नाही. एक गरीब इंग्रज राणीच्या राज्याचे गुणगान गातो आणि भारतासह दूरदूरच्या प्रदेशांची नावे घेतो. स्वतःच्या मालकीची इंचभर जमीन नसलेल्या माणसाला आमच्या जमिनीचा अभिमान वाटतो. चाल उसळती आहे, गायकही मनापासून गातो, त्यामुळे उपरोध कळण्याआधी पाय ठेका धरतात.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १९७३-७४ मधील ‘प्रिझर्व्हेशन’ या दोन भागांच्या नाट्यप्रकल्पाला नवे मूल्य देण्याचे प्रयत्न मला पटत नाहीत. जी व्यंगदृष्टी तीन मिनिटांत प्रकट होत असे ती तेथे दुष्ट आणि सुष्ट यांच्या ठोकळ्यांत अडकली आहे. बँड १९९६ पर्यंत चालला, परंतु डेव्हिस यांची श्रेष्ठता १९६५ ते १९७१ या सहा-सात वर्षांवरच तोलावी लागते.

त्याला एक अपवाद आहे. १९८३ मध्ये ‘कम डान्सिंग’ अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर गेले आणि तेथील श्रोत्यांनी ते जुन्या नृत्यगृहांविषयीचे खुशमिजास गाणे म्हणून उचलून धरले. डेव्हिस यांची थोरली बहीण रेनी १९५७ च्या जूनमध्ये लंडनच्या लायसियम नृत्यगृहात नाचतानाच मरण पावली होती. धाकट्या भावाला तेराव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिनेच त्याची पहिली गिटार दिली होती. गीतातील बहीण जिवंत आहे. तिचे लग्न झाले आहे, तिच्या मुली आता रात्री उशिरा घरी येतात. पाडले गेले आहे ते फक्त नृत्यगृह.