बोंडअळीला ‘सवय’ झाली?

२०१७च्या हंगामात अकोला-अमरावतीकडे शेंदरी बोंडअळीने कपाशी पोखरली, तेव्हा ‘अळीला बीटीची सवय झाली’ हे वाक्य सर्रास ऐकू आले. वर्गातही आपण जवळजवळ हेच सांगतो. आमचा आक्षेप या शब्दालाच आहे. सवय एका जीवाला त्याच्या हयातीत लागते. इथे घडले ते निराळे. बीटीचे विष अळीच्या आतड्यातील ठरावीक प्रथिनांना चिकटते, मगच ती मरते. असंख्य अळ्यांत एखादीचे प्रथिन जन्मतःच वेगळ्या घडणीचे असते. बाकीच्या मरतात, ती उरते, आणि तिचीच प्रजा वाढते.

शब्दाचा एवढा कीस कशाला? कारण सवय मानली की उपाय एकच सुचतो : नवे औषध आणा. २००२ साली एका जनुकाचे बियाणे आले, २००६ साली दोन जनुकांचे. अळी दोन्हींना पुरून उरली. निवड मानली तर उलटा वाटणारा उपाय दिसतो : काही अळ्या मुद्दाम जगू द्यायच्या. प्रतिकाराचा गुण बहुधा अप्रभावी असतो, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच तो अळीला वाचवतो. बिगर-बीटी झाडांवरच्या साध्या पतंगांशी संकर झाला, की संतती पुन्हा बीटीला बळी पडते.

त्यासाठीच ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी दिली जाई. बहुतेकांनी ती लावलीच नाही. पण का लावायची, हे त्यांना कोणी पटवले होते? पाच ओळी अळीला वाहायच्या, एवढेच दिसले. अमेरिकन बोंडअळीला तूर-हरभराही चालतो, तिचा आसरा वऱ्हाडात आपोआप होतो. शेंदरी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. वर फरदड ठेवली, की तिच्या आणखी पिढ्या निघतात. ॲरिझोनात आसऱ्याचा नियम पाळला गेला, तिथे याच अळीची प्रतिकारशक्ती अनेक वर्षे वाढली नाही. आपल्याकडे बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळण्याची पद्धत आली, ती प्रतिकार पसरून गेल्यावर.

मेंढ्यांच्या जंतांचे गणितही हेच. सगळ्या कळपाला एकदम औषध पाजले, की कुरणात मुख्यतः औषधाला न जुमानणाऱ्या जंतांची अंडी पडतात. म्हणून दक्षिण आफ्रिकेत पापणीची आतली बाजू रंगतक्त्याशी ताडून पाहण्याची पद्धत निघाली. रक्त शोषणाऱ्या जंतामुळे पापणी फिकट पडलेल्या मेंढीलाच औषध द्यायचे. लाल पापणीची तशीच सोडायची. तिच्या पोटातले साधे जंत पुढच्या पिढीत मिसळत राहतात.