चाहत्याचे मत कसे तपासावे? : जुना रॅप आणि बेसबॉलचे दिग्गज

या टिपणात आपण एका साध्या गोष्टीची चिकित्सा करणार आहोत. ती म्हणजे चाहत्याने सहज बोलता बोलता दिलेले मत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय अवांतर वाटेल. पण कोणते मत आकड्यावर उभे आहे, कोणते कानावर आणि कोणते केवळ सवयीवर, हे ओळखता येणे प्रयोगशाळेतही तितकेच आवश्यक असते.

नमुन्यादाखल जुना रॅप आणि बेसबॉल या दोन्हींवर प्रेम करणाऱ्या एखाद्या अमेरिकन चाहत्याचे मत घेऊ. ते साधारण असे असते : बेब रूथसारखा फलंदाज पुन्हा झाला नाही, आकडेच बघा. रॅपमध्ये राकिमच्या पुढे कोणी नाही, पण ते सिद्ध करता येत नाही, कान लागतो. आणि आता दोन्हीकडे पूर्वीचा दर्जा उरलेला नाही. या मतात तीन विधाने आहेत. ती एकेक करून तपासू.

१. ‘आकडेच बघा’

प्रथम चाहत्याची बाजू मांडू. रूथने कारकिर्दीत ७१४ होम रन मारले. १९२० साली त्याने एकट्याने ५४ मारले. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये त्याचा स्वतःचा संघ सोडला, तर दुसऱ्या एकाही संपूर्ण संघाला तेवढे जमले नाहीत. क्रिकेटमध्ये ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी ऐकून आपण थबकतो, तसाच हा आकडा आहे. इथे महत्त्वाचे ५४ नव्हे, तर ५४ आणि बाकीच्यांचे आकडे यांतले अंतर आहे. समकालीनांशी केलेली तुलना नुसत्या बेरजेपेक्षा अधिक सांगते. म्हणूनच बेसबॉलचे अभ्यासक आता त्या काळातील सरासरी १०० धरून खेळाडूचे मोजमाप करतात.

आता दुसरी बाजू पाहू. त्याच १९२० साली रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली, कारण मुख्य लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. म्हणजे लीगच्या सामन्यांत रूथला त्या काळातल्या एकाही कृष्णवर्णीय गोलंदाजाला तोंड द्यावे लागले नाही. ही बंदी जॅकी रॉबिन्सनने १५ एप्रिल १९४७ रोजी मैदानात उतरून मोडली. निग्रो लीगमधला जबरदस्त फलंदाज जॉश गिब्सन त्याआधी तीनच महिने, जानेवारी १९४७ मध्ये वारला होता. २०२४ साली मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट केली. तेव्हा कारकिर्दीतील फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन ०.३७२ सह पहिला आला आणि टाय कॉब ०.३६७ सह दुसऱ्या स्थानी गेला.

गिब्सनच्या मृत्यूनंतर सत्याहत्तर वर्षांनी ‘आकडा’ बदलला. त्याने मारलेला एकही फटका बदलला नव्हता, बदलले ते नोंदवहीत कोणाला घ्यायचे याचे उत्तर. निग्रो लीगचे अधिकृत हंगाम छोटे होते, त्यामुळे त्या सरासरीबद्दल वाद घालायला जागा आहे. तो जरूर घालावा. परंतु जुनी यादी निर्विवाद होती आणि नवी तेवढी वादग्रस्त, असे म्हणता येणार नाही. जुन्या यादीत खेळाडूंचा एक मोठा गट मोजलाच गेला नव्हता. ती त्रुटी इतकी वर्षे आकड्याच्या आड दडून राहिली.

२. ‘सिद्ध करता येत नाही, कान लागतो’

इथे चाहता विनाकारण माघार घेतो. रॅपमध्ये तपासून पाहण्यासारखे भरपूर आहे. रॅपच्या एका आवर्तनात चार ठोके असतात. सुरुवातीच्या अनेक रॅपरांचे यमक बहुधा आवर्तनाच्या शेवटी, चौथ्या ठोक्यावर पडते. १९८७ साली आलेल्या एरिक बी. आणि राकिम यांच्या ‘पेड इन फुल’ या अल्बममध्ये राकिम काय करतो ते ऐका. तो यमके आवर्तनाच्या पोटात पेरतो, अनेक अक्षरांची यमके जुळवतो आणि वाक्य आवर्तनाची सीमा ओलांडून पुढे नेतो. आपल्याकडे याला अंतर्यमक हा शब्द आहेच. राकिम सॅक्सोफोन वाजवत असे. श्वास कुठे घ्यायचा आणि वाक्यांश कुठे तोडायचा याची जाण तिथून आल्याचे त्याच्या बोलण्यावरून जाणवते. हे सारे वही-पेन्सिल घेऊन ठोक्यांखाली खुणा करून दाखवता येते. यमकाची जागा दिसणे हा पुरावाच आहे. तो बेरजेच्या रूपात येत नाही, इतकेच.

याउलट, रॅपमध्ये जो आकडा सहज मिळतो तो फारसा कामाचा नसतो. एम. सी. हॅमरचा १९९० चा अल्बम एकट्या अमेरिकेत एक कोटीवर खपला. नाझचा ‘इल्मॅटिक’ एप्रिल १९९४ मध्ये आला आणि त्याला पाच लाख प्रतींचे ‘गोल्ड’ प्रमाणपत्र मिळायला १९९६ उजाडले. आज रॅपचे अभिजात अल्बम सांगताना यांतले कोणते नाव आधी येते, ते चाहत्याला विचारून पाहा. खप म्हणजे पोहोच. पोहोच आणि प्रभाव या दोन वेगळ्या राशी आहेत, त्या एकाच एककात मोजू नयेत.

रॅपच्या यादीतही एक गाळलेला भाग आहे. हिप-हॉपचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधल्या १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने वाजवलेल्या पार्टीपासून धरतात. पण ‘रॅपर्स डिलाइट’ ही देशभर गाजलेली पहिली रॅप तबकडी आली १९७९ साली. मधल्या सहा वर्षांतली कला गल्लीतल्या पार्ट्यांत आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवर जगली. ‘रॅपर्स डिलाइट’मधले काही बोल ग्रँडमास्टर कॅझचे होते, पण तबकडीवर त्याचे नाव नव्हते. ‘सर्वश्रेष्ठ रॅपर’ची यादी तबकड्यांवरून केली, की असे लोक आपोआप गळतात. निग्रो लीगच्या खेळाडूंसारखेच हे आहे. नोंद नसणे आणि कर्तृत्व नसणे यांत फरक करा.

३. ‘आता पूर्वीचा दर्जा राहिला नाही’

हे विधान सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चे आहे. १९६८ साली सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने (हा जॉश नव्हे) गोलंदाज म्हणून १.१२ ही थक्क करणारी सरासरी नोंदवली. त्याच वर्षी अमेरिकन लीगमधली फलंदाजीची सर्वोत्तम सरासरी होती अवघी ०.३०१. फलंदाज एकाएकी बिघडले होते का? १९६९ साठी गोलंदाजाच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली आणि स्ट्राइकचे क्षेत्रही लहान केले. फलंदाज पुन्हा धावा करू लागले. बॉब गिब्सनची सरासरी २.१८ झाली, जी तरीही उत्तमच होती. नियम बदलल्यावर काय टिकले हे पाहणे, ही खरी कसोटी आहे.

रॅपमध्येही असेच झाले. १९८७ च्या सुमारास आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवता येई. म्हणून निर्माते तबकडी जास्त वेगाने फिरवून तुकडा साठवत आणि नंतर यंत्रात त्याचा वेग उतरवत. त्या काळातला जो खरखरीत, जाड आवाज चाहत्याला ‘अस्सल’ वाटतो, त्यात या मर्यादेचा मोठा वाटा आहे. पुढे १९९१ साली बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात विनापरवाना सॅम्पल वापरण्याविरुद्ध निकाल लागला. पब्लिक एनिमीसारखे एका गाण्यात अनेक तुकड्यांचे थर रचणे त्यानंतर फार महाग झाले. डी ला सोलचा १९८९ चा पहिला अल्बम सॅम्पलच्या हक्कांच्या गुंत्यामुळे मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकला नाही. म्हणजे आवाज बदलला तो यंत्रामुळे आणि कायद्यामुळेही. चाहता मात्र त्याचे खापर नव्या पिढीच्या चारित्र्यावर फोडतो.

मग चाहत्याचे मत टाकाऊ का?

मुळीच नाही. निग्रो लीगची आकडेवारी उभी राहिली ती जुन्या वर्तमानपत्रांतले सामन्यांचे तपशील वर्षानुवर्षे उतरवून काढणाऱ्या हौशी अभ्यासकांमुळेही. ब्रॉन्क्सच्या त्या कॅसेटी जपल्या त्याही चाहत्यांनीच. प्रेम नसते तर पुरावाही उरला नसता. चाहत्याचा निष्कर्ष अनेकदा बरोबर असतो, त्याचे कारण तेवढे अपुरे असते.

माझे मत विचाराल, तर राकिमबद्दल चाहत्याशी मी सहमत आहे. कारण वर दिले आहे, ते ऐकून खोडता येईल. रूथबद्दल मी एक अट घालेन : ‘त्याला ज्यांच्याविरुद्ध खेळू दिले गेले त्यांच्यात सर्वश्रेष्ठ’. आणि हँक ॲरनचे नाव घेताना ७५५ होम रनवर थांबू नका. त्याचे एकूण हिट ३,७७१. त्यातून सर्व होम रन वजा केले तरी ३,०१६ उरतात, आणि ३,००० हिट हाच थोरवीचा वेगळा मापदंड मानतात. हाही आकडाच आहे, पण तो प्रश्न विचारून काढलेला आहे.

आपल्यापैकी अनेक जण उद्या गुणपत्रिका, पॅकेज आणि क्रमवारी यांवरून माणसे निवडणार आहेत. तेव्हा तीन प्रश्न हाताशी ठेवा : कोणाशी तुलना केली? कोणाला मोजलेच नाही? आणि मोजताना नियम कोणता होता?

स्वाध्याय

१) आपल्या आवडत्या खेळाडूबद्दलचे एक मत लिहा. त्यातील आकडा समकालीनांच्या सरासरीशी तुलना करून पुन्हा मांडा.
२) कोणत्याही भाषेतील रॅपची सोळा आवर्तने ऐका. यमके कोणत्या ठोक्यांवर पडतात याचा तक्ता करा.
३) ‘पूर्वीचे चांगले होते’ असे आपल्या शाखेतील एखाद्या यंत्राबद्दल किंवा पद्धतीबद्दल ऐकले असल्यास, त्यामागे कोणता नियम किंवा साधन बदलले ते शोधा.