चाकावरील अश्वशक्ती : मापन आणि अनुमान

मोटारगाडीचे सामर्थ्य एका आकड्याने सांगण्याची प्रथा जुनी आहे, आणि सोयीचीही आहे. जेम्स वॉटने मिनिटास ३३,००० फूट-पौंड कार्य हे अश्वशक्तीचे प्रमाण मानले. ही अश्वशक्ती ७४५.७ वॉट भरते, तर मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॉटांची असते. हा फरक ज्ञात असल्यामुळे त्यापासून घोटाळा होण्याचे कारण नाही. घोटाळा उद्भवतो तो शक्ती नेमकी कोठे आणि कोणत्या स्थितीत मोजली, हे न सांगता आकडा पुढे केल्यामुळे.

याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. १९७१ साली जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांचे स्थूल आणि निव्वळ असे दोन्ही आकडे दिले. शेव्हरोले कॉर्व्हेटमधील एलटी-१ या इंजिनाची स्थूल अश्वशक्ती ३३०, तर निव्वळ २७५ होती. इंजिन तेच होते. पहिल्या आकड्यात ते चाचणीपीठावर जवळजवळ मोकळे चालविलेले होते. दुसऱ्यात गाडीतील उपसाधने आणि धूर बाहेर नेणारी यंत्रणा जोडलेली होती. १९७२ पासून तेथील उत्पादकांनी निव्वळ आकडा देण्याची पद्धत स्वीकारली आणि अनेक गाड्या कागदोपत्री एकाएकी दुबळ्या झाल्या. मापनाची जागा इंजिनाचा दांडा हीच असताना जर एवढे अंतर पडते, तर ती जागा चाकापर्यंत नेल्यावर किती सावधगिरी हवी, हे निराळे सांगावयास नको.

सध्या सर्वत्र रूढ असलेली रीत अशी : गाडी रुळांवर उभी करावयाची, चाकांनी रुळास दिलेली शक्ती मोजावयाची, आणि त्या आकड्यास ०.८५ ने, स्वयंचलित गिअरपेटी असल्यास त्याहूनही लहान संख्येने, भागून आलेला भागाकार ‘इंजिनाची अश्वशक्ती’ म्हणून नमूद करावयाचा. या रीतीत मापन कोठे संपते आणि अनुमान कोठे सुरू होते, याची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम गिअरांचा विचार करू. शक्ती म्हणजे टॉर्क आणि कोनीय वेग यांचा गुणाकार. चार पट गिअर टॉर्क चौपट करतो आणि वेग एकचतुर्थांश करतो. घर्षणात जाणारा अंश वगळता गुणाकार तोच राहतो. तेव्हा गिअर बदलल्याने इंजिनाची शक्ती वाढते वा घटते, ही समजूत निराधार होय. असे असूनही एकच गाडी निरनिराळ्या गिअरांत रुळावर चालविली असता निरनिराळे आकडे येतात, आणि याचे कारण बरेचसे मापनाच्या पद्धतीत आहे. जडत्वावर आधारलेल्या डायनॅमोमीटरमध्ये जड रूळ किती त्वरेने वेग घेतो, यावरून शक्ती काढतात. परंतु त्याच वेळी इंजिनाचे फिरते भाग, फ्लायव्हील आणि चाके यांनाही वेग द्यावा लागतो. त्यासाठी खर्च झालेली शक्ती रुळापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय इंजिनाच्या बाजूचे जडत्व चाकावर मोजताना गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढते. समजा, थेट गिअरमध्ये हे जडत्व रुळाच्या जडत्वाच्या ५ टक्के आहे. तर सुमारे ४.८ टक्के शक्ती त्यात जाईल. १.५ गुणोत्तराच्या गिअरमध्ये ते ११.२५ टक्के होईल आणि शक्तीचा सुमारे १०.१ टक्के भाग तेथेच राहील. मागील आसाचे गुणोत्तर ३.५ वरून ४.१ केले, तरी हा जडत्वाचा भार १.३७ पट होतो. इंजिनात काडीचाही फरक झालेला नसताना आकडा मात्र उतरतो.

टॉर्क कन्व्हर्टरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने या जातीच्या द्रवचलित यंत्राचे एकस्व १९०५ साली घेतले, ते जहाजांच्या चालनासाठी. पुढे ब्युइकच्या डायनाफ्लो गिअरपेटीने १९४८ मध्ये ते प्रवासी गाडीत आणले. इंजिनाला जोडलेले पंखाचक्र तेलाला गती देते, ते तेल दुसऱ्या चक्राला फिरविते, आणि मधले स्थिर चक्र परतणाऱ्या तेलाची दिशा बदलून टॉर्क वाढविते. गाडी उभी असताना ही वाढ सामान्यतः दुपटीच्या आसपास असते. तथापि या यंत्राची कार्यक्षमता म्हणजे टॉर्काचे गुणोत्तर आणि वेगाचे गुणोत्तर यांचा गुणाकार होय. समजा, एखाद्या क्षणी बाहेरचा टॉर्क दीडपट आणि बाहेरचा वेग निम्मा आहे. तर पुढे गेलेली शक्ती तीन-चतुर्थांश ठरते आणि उरलेली तेलात उष्णता होऊन राहते. टॉर्क वाढत असतानाच शक्ती घटत आहे, ही गोष्ट ध्यानात न ठेवल्यास चुकीचा निष्कर्ष निघतो.

तो निघतो तो असा. पुष्कळ ठिकाणी इंजिनाचे फेरे प्रत्यक्ष न मोजता रुळाच्या वेगास ठरीव गुणोत्तराने गुणून काढतात. कन्व्हर्टर घसरत असताना हे गुणोत्तर खरे नसते. इंजिन मानलेल्या वेगाहून जलद फिरत असते. म्हणून शक्तीला कमी फेऱ्यांनी भागले जाते आणि आलेखाच्या आरंभी टॉर्काचे एक उंच शिखर उभे राहते. ते शिखर इंजिनाचे नव्हे, कन्व्हर्टरच्या टॉर्कवाढीचे आहे. पुढे आतला क्लच बसून कन्व्हर्टर बंदिस्त झाला म्हणजे घसरण थांबते आणि आलेख दुसऱ्याच पातळीवर जातो. क्लच केव्हा बसला याची नोंद नसेल, तर अशा दोन आलेखांची तुलना व्यर्थ होय.

आता ठरीव टक्केवारीकडे वळू. तिच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे : जडत्वात जाणारा अंश शक्तीच्या प्रमाणात असतो, आणि दातांवरील घर्षणाचा पुष्कळसा भागही भाराबरोबर वाढतो. परंतु तेल घुसळण्यात, तेलपंप चालविण्यात आणि सीलांच्या घर्षणात जाणारी शक्ती प्रामुख्याने वेगावर अवलंबून असते. इंजिन सबळ आहे की दुर्बळ, याच्याशी तिचा संबंध थोडा. जडत्वाचा अंश बाजूस ठेवून समजा, एका विशिष्ट वेगाला अशी हानी ६ अश्वशक्ती आणि भाराबरोबरची हानी ५ टक्के आहे. १०० अश्वशक्तीच्या इंजिनाचे चाकावर ८९ भरतील आणि ०.८५ ने भागल्यास सुमारे १०५ येतील. त्याच गिअरपेटीमागे ३०० अश्वशक्तीचे इंजिन बसविले, तर चाकावर २७९ भरतील आणि भागाकार ३२८ येईल. पहिल्या ठिकाणी ५ अश्वशक्तींची, दुसऱ्या ठिकाणी २८ अश्वशक्तींची भर केवळ भागाकाराने निर्माण केली.

गाडी मोकळी सोडून तिचा वेग कसा उतरतो यावरून हानी काढण्याचा उपाय काही डायनॅमोमीटरांत योजलेला असतो. ठरीव टक्केवारीपेक्षा तो निश्चितच बरा. तथापि त्या वेळी दातांवर इंजिनाचा भार नसतो, म्हणून भारामुळे होणारी हानी त्यात उतरत नाही. शिवाय टायर रुळावर दाबला गेल्यामुळे होणारी हानी रुळाच्या व्यासाप्रमाणे आणि गाडी बांधणाऱ्या पट्ट्यांच्या ताणाप्रमाणे बदलते, ती वेगळीच.

या साऱ्याचा अर्थ रुळावरील मापन निरुपयोगी आहे, असा नाही. तीच गाडी, तोच रूळ, तोच गिअर, टायरांतील तोच दाब, तेलाचे तेच तापमान आणि कन्व्हर्टरची तीच अवस्था राखली, तर एखाद्या फेरफाराचा परिणाम चांगल्या विश्वासाने सांगता येतो. परंतु प्रबंधात जेव्हा नव्या हवानलिकेमुळे ८ अश्वशक्ती वाढल्या असे विधान येते, तेव्हा निव्वळ गिअर बदलल्याने किंवा क्लच बसण्याच्या क्षणाने तेवढाच फरक पडू शकतो, हे परीक्षकाने विसरू नये आणि विद्यार्थ्याने तर मुळीच विसरू नये. यास्तव चाकावर मोजलेली शक्ती चाकावरचीच म्हणून नोंदवावी, इंजिनाचे फेरे स्वतंत्रपणे मोजावेत, आणि गिअर, कन्व्हर्टर व रूळ यांची स्थिती आकड्याच्या शेजारीच लिहावी. इंजिनाच्या दांड्यावरील शक्ती हवी असल्यास इंजिन गाडीबाहेर काढून चाचणीपीठावर चढविण्याचे कष्ट घ्यावेत. भागाकार हा त्या कष्टांना पर्याय होऊ शकत नाही.