गुलाल कोणाच्या अंगावर?

बैलगाडा शर्यतीतली एक गोष्ट मला फार पसंत आहे. शर्यत संपली की गुलाल बैलांच्या अंगावर पडतो. मालक फेटा सावरीत मिरवतो, पोरे शिट्ट्या मारतात, पण खरा मान बैलांचा. तिथे 'बैल मोठा की माणूस मोठा' ह्या विषयावर कोणी रात्र जागवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मोटारसायकलींच्या शर्यतीत मात्र सगळा उलटा कारभार. शॅम्पेन स्वाराच्या डोक्यावर, करंडक स्वाराच्या हातात, आणि जिच्या पाठीवर बसून हा गृहस्थ ताशी तीनशे किलोमीटरांच्या पुढे गेला ती फटफटी खाली एका कोपऱ्यात निमूटपणे गार होत उभी. मग तिची बाजू कोणीतरी घ्यावी लागते आणि तिथून भांडणाला तोंड फुटते.

आमच्या घरी हे भांडण रविवारी संध्याकाळी होते, कारण युरोपातल्या शर्यती आपल्याकडे साधारण दुसऱ्या चहाच्या सुमारास दिसतात. माझा मेहुणा व्हॅलेंतिनो रॉसीचा भक्त. रॉसी २०२१ साली निवृत्त झाला. भक्ती अजून नोकरीवर आहे. भाचा मार्क मार्केझच्या पक्षात. आणि मी वयाने वडील असल्यामुळे माझ्या वाट्याला आपोआपच जुना काळ, म्हणजे जाकोमो अगोस्तिनी येतो. ह्या वादात नियम एकच. आपला जिंकला तर माणूस थोर. दुसऱ्याचा जिंकला तर त्याची गाडी बरी होती.

"मामा, तुझ्या अगोस्तिनीसमोर होतंच कोण?" भाचा सुरुवात करतो.

आता अगोस्तिनीच्या नावावर पंधरा जगज्जेतेपदे आणि १२२ ग्रां प्री विजय आहेत. हा आकडा अजून कोणाला गाठता आलेला नाही. पण भाच्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, हे मी त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मान्य करतो. १९५८ ते १९७४ अशी ओळीने सतरा वर्षे ५०० सीसीचे विजेतेपद एम. व्ही. अगुस्ता ह्या एकाच इटालियन कंपनीच्या गाडीवर बसलेल्या माणसाने मिळवले. माणसे बदलली, गाडी तीच. १९६७ संपल्यावर होंडाने शर्यतींतून अंग काढून घेतले, आणि जाताना आपला स्वार माइक हेलवुड ह्याला दुसऱ्या कोणासाठी ग्रां प्रीत उतरू नये म्हणून पैसे दिले. न खेळण्याबद्दल मानधन मिळणारे लोक आपल्याकडे फक्त सरकारी खात्यात असतात अशी माझी समजूत होती. मग १९६८ साली अगोस्तिनीने ५०० सीसीच्या दहापैकी दहा शर्यती जिंकल्या. गल्लीतला दुसरा बॅट्समन गावाला गेल्यावर आमच्याही पुष्कळ धावा होत असत.

पण त्याच्या आदल्या वर्षाचे काय? १९६७ साली अगोस्तिनी आणि हेलवुड ह्यांचे गुण सारखे आणि विजयही सारखे, पाच-पाच. शेवटी दुसरा क्रमांक कोणी जास्त वेळा मिळवला हे मोजून अगोस्तिनीला विजेता ठरवले. त्या एका वर्षात काय काय झाले पाहा. आइल ऑफ मॅन बेटावर, साठ किलोमीटरांहून लांब फेरी असलेल्या त्या डोंगरी रस्त्यावर, दोघांची जीव खाऊन झुंज चाललेली असताना अगोस्तिनीच्या गाडीची चेन तुटली आणि हेलवुड जिंकला. पुढे मोंझाला हेलवुड आरामात पुढे असताना अगदी शेवटी त्याच्या होंडाचा गिअर अडकला आणि अगोस्तिनी जिंकला. म्हणजे एकाची चेन आणि दुसऱ्याचा गिअरबॉक्स ह्यांनी आपसात ठरवून हिशेब बरोबरीत आणला! त्यावर 'श्रेष्ठ कोण' हे ठरवणारे आपण. हेलवुडची ती होंडा ताकदीला दांडगी, पण वळणावर लाथा झाडणारी होती. तिला सरळ ठेवणे हेच निम्मे काम. माझ्या मते त्या वर्षी गाडी अगोस्तिनीची चांगली होती आणि चालवणारा हेलवुड चांगला होता. हे मी आमच्या बैठकीत अजून बोललेलो नाही. पक्ष सोडल्याचा गवगवा होतो.

नुसत्या यंत्राची पूजा करणाऱ्यांना मी एक कथा ऐकवतो. होंडा ५०० सीसीत परत आली तेव्हा नियम असा होता की सिलिंडर चारापेक्षा जास्त नकोत. बाकी सगळे टू-स्ट्रोक वापरत होते. होंडाला मात्र फोर-स्ट्रोकचाच हट्ट. मग त्यांच्या विद्वान इंजिनियरांनी पिस्टन गोल न करता लांबट केले, प्रत्येक सिलिंडरला आठ-आठ व्हॉल्व्ह बसवले आणि चार सिलिंडरांत आठांची करामत कोंबली. ही एन. आर. ५०० गाडी १९७९ च्या ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोनला उतरली. दोनपैकी एका गाडीचे तेल सांडले आणि ती पहिल्याच वळणावर आपल्याच तेलावरून घसरली. दुसरीही शर्यत पुरी करू शकली नाही. एवढी बुद्धी ओतलेल्या त्या गाडीने पुढेही एकही ग्रां प्री जिंकली नाही. अखेर होंडाने हट्ट सोडला, तीन सिलिंडरांची सुटसुटीत टू-स्ट्रोक केली, आणि १९८३ साली फ्रेडी स्पेन्सर तिच्यावरून केनी रॉबर्ट्सच्या दोन गुणांनी पुढे जाऊन जगज्जेता झाला.

"म्हणजे गाडी महत्त्वाची नाही, हेच ना भाऊजी?" मेहुणा.

"म्हणजे गाडीच महत्त्वाची! चांगली केल्यावरच जिंकले ना?" भाचा.

चांगल्या कथेचा गुण असा की ती दोन्ही पक्षांना उपयोगी पडते.

अशा वेळी आमच्या घरात खरा टीकाकार एकच, आणि ती म्हणजे आमची ही. तिला शर्यतींत काडीचा रस नाही. शब्दकोडे सोडवता सोडवता एकदा ती म्हणाली, "अहो, मुलगी माहेरी कशी वागते त्यावरून काय कळणार? सासरी पाठवून बघा." आम्ही तिघेही गप्प झालो. इतकी वर्षे आम्ही विजय मोजत होतो. ह्या बाईने एका वाक्यात मोजपट्टीच बदलली. जो स्वार आपल्या सवयीची गाडी सोडून परक्या कंपनीत गेला आणि तिथेही नांदला, तो खरा.

ही पट्टी घेऊन बसले की चित्र पालटते. एडी लॉसन हा मुखदुर्बळ अमेरिकन माणूस. त्याच्या नावाने कोणी पोस्टर लावल्याचे मी पाहिले नाही. तो १९८८ साली यामाहावर जगज्जेता झाला आणि दुसऱ्याच वर्षी होंडावर बसून पुन्हा जगज्जेता झाला. लागोपाठ दोन वर्षे दोन निरनिराळ्या घरांत सोने आणणारा ५०० सीसीतला तो पहिला. तरी आमच्या बैठकीत त्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, कारण तो हसत नसे.

हसतमुख सुनेचे नाव रॉसी. २००२ साली होंडाच्या पाच सिलिंडरी गाडीने सोळापैकी चौदा शर्यती जिंकल्या, २००३ साली पंधरा. साहजिकच लोक म्हणू लागले की ह्या गाडीवर आमचा पोस्टमनही जिंकेल. हे रॉसीच्या फार जिव्हारी लागले आणि तो यामाहाकडे गेला. यामाहाला तेव्हा १९९२ नंतर मोठे विजेतेपदच नव्हते. होंडाने करार संपेपर्यंत त्याला नव्या गाडीला हातही लावू दिला नाही. आणि १८ एप्रिल २००४ ला, दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला, यामाहावरच्या पहिल्याच शर्यतीत तो होंडावरच्या मॅक्स बियाजीला सेकंदाच्या दोन दशांशांनी मागे टाकून जिंकला. त्यानंतर त्याने काय केले? गाडी कडेला थांबवली, उतरून तिच्याशेजारी बसला आणि तिचा मुका घेतला. मोटारसायकलच्या शर्यतीत गुलाल बैलाच्या अंगावर पडलेला मी पाहिला तो एवढाच. इथे मेहुण्याचे डोळे दर वेळी पाणावतात आणि भाचासुद्धा तेवढ्यापुरता मोबाईल खाली ठेवतो.

परंतु आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या मेस्त्रीने ही कथा वेगळी ऐकली. तो म्हणाला, "साहेब, ह्याने आपला मेस्त्री बरोबर नेला होता ना?" नेला होता! जेरेमी बर्जेस हा रॉसीचा ऑस्ट्रेलियन मुख्य मेकॅनिक आणि त्याची माणसे होंडा सोडून बरोबर गेली होती. शिवाय यामाहाच्या मासाओ फुरुसावा ह्या इंजिनियराने नवे इंजिन दिले होते. त्यात चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने न होता विषम अंतराने होत, त्यामुळे मागच्या टायरला रस्ता धरायला क्षणभर उसंत मिळे आणि वळणातून निघताना टायर घसरतो आहे की धरतो आहे हे स्वाराला हातांत कळे. थोडक्यात, सून कर्तबगार होतीच, पण माहेरचा स्वयंपाकी बरोबर होता आणि सासऱ्याने ओटाही नवा बांधून दिला होता.

ह्याच रॉसीचे दुसरे सासर म्हणजे डुकाटी. ते प्रकरण मेहुण्यासमोर काढायचे नसते, म्हणून मी ते वरचेवर काढतो. केसी स्टोनर ह्या ऑस्ट्रेलियन पोराने २००७ साली डुकाटीवर दहा शर्यती जिंकून जगज्जेतेपद घेतले तेव्हा सगळे म्हणाले, गाडी सुसाट आहे, टायर ब्रिजस्टोनचे आहेत, पोराचे त्यात काय? पण त्याच वर्षी त्याच गाडीवर, त्याच टायरांवर, त्याच्या संघातला लोरिस कापिरोस्सी हा जुना जाणता स्वार एकच शर्यत जिंकू शकला. २०१० साली गाडी बिनसली होती, तरी स्टोनरने तिच्यावर तीन शर्यती काढल्या. २०११ ला तो होंडावर गेला आणि पुन्हा जगज्जेता झाला. त्याच्या जागी डुकाटीवर बसला साक्षात रॉसी, बरोबर तोच मेस्त्री. दोन वर्षांत एकही विजय नाही. फक्त तीनदा पहिल्या तिघांत. मग २०१३ ला रॉसी यामाहाकडे, म्हणजे माहेरी परत. स्टोनर मात्र २०१२ अखेर, सत्ताविसाव्या वर्षी, ह्या सगळ्या गोंगाटाला कंटाळून निवृत्त झाला. एकच गाडी दोघांना देऊन बघण्याची संधी क्वचित मिळते आणि इथे ती मिळाली. माझ्या हिशेबाने गेल्या पन्नास वर्षांत नुसत्या हातांच्या जोरावर स्टोनरएवढा कोणी नाही.

"मग फक्त दोनदाच का जगज्जेता?" मेहुणा खिंडीत गाठतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून मी चहा मागवतो.

सासरची पट्टी सगळ्यांना लागू पडत नाही, हेही खरे. मिक डूहान कधी घर बदलायला गेलाच नाही. १९९२ साली तो बराच पुढे असताना ॲसेनला त्याचा पाय मोडला, चिघळला, आणि तो कापावा लागू नये म्हणून डॉक्टरांनी त्याचे दोन्ही पाय काही दिवस एकमेकांना शिवून ठेवले. ते वर्ष त्याने चार गुणांनी गमावले. पुढे घोटा वाकेना, मागचा ब्रेक दाबता येईना, म्हणून हँडलवर अंगठ्याने दाबायचा ब्रेक करून घेतला आणि १९९४ पासून सलग पाच वेळा तो जगज्जेता झाला. होंडा तशीच इतरांकडेही होती. अशा माणसाला 'गाडी चांगली होती' असे तोंडावर सांगण्याची माझी तरी छाती नाही.

आणि यार्नो सारिनेन? हा फिनलंडचा. १९७३ साली यामाहाच्या नव्या चार सिलिंडरी ५०० वर त्याने मोसमातल्या पहिल्या दोन्ही शर्यती मारल्या. अगुस्ताची सतरा वर्षांची सद्दी दोन वर्षे आधीच संपणार असे दिसू लागले. २० मे ला मोंझाला २५० सीसीच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सारिनेन व रेन्झो पासोलिनी दोघेही गेले. सारिनेन सत्तावीस वर्षांचा होता. यामाहाने त्या वर्षापुरता संघ मागे घेतला. श्रेष्ठांच्या यादीत त्याच्यापुढे एकच जगज्जेतेपद आहे, १९७२ चे, २५० सीसीचे. अगोस्तिनीचे १२२ विजय मी मेहुण्याच्या तोंडावर फेकतो तेव्हा हा फिन माझ्या मनात येतो आणि माझा आवाज थोडा उतरतो. अगोस्तिनीच्या बाजूने एवढेच सांगतो, की दुसऱ्या वर्षी तो स्वतःच अगुस्ता सोडून यामाहाकडे गेला आणि १९७५ ला टू-स्ट्रोकवर ५०० सीसीचे पद जिंकणारा पहिला ठरला. म्हणजे सासरी तोही पास झाला. भाच्याला हे आवडत नाही.

हेलवुड तर चक्क म्हातारपणी सासरी गेला. १९७८ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, अकरा वर्षांच्या खंडानंतर तो आइल ऑफ मॅनला परतला, डुकाटीवर बसला आणि जिंकला.

भाच्याच्या मार्केझबद्दल मी फार बोलत नाही, कारण तिथे वाद घालायला जागाच कमी. होंडावर सहा पदे, २०२० ला हात मोडला, चार शस्त्रक्रिया, मग होंडा सोडून २०२४ ला एक वर्ष जुन्या डुकाटीवर तीन विजय आणि २०२५ ला नव्या डुकाटीवर पाच फेऱ्या शिल्लक असतानाच जगज्जेतेपद. त्याच संघातला फ्रान्चेस्को बान्याया, स्वतः दोनदा जगज्जेता झालेला, त्या मोसमात दोनच शर्यती जिंकू शकला.

"बघ काका, सेम गाडी!" भाचा मेहुण्याला म्हणाला. "माणूसच लागतो."

बान्याया हा रॉसीच्या शाळेत तयार झालेला. त्यामुळे मेहुण्याला ते लागले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने ठेवणीतले अस्त्र काढले. "ह्याच बान्यायाने २०१६ ला ॲसेनला मोटो-थ्रीची शर्यत जिंकली, तेव्हा गाडी कोणती होती, सांग."

भाच्याला आठवेना. मला आठवत होते, पण मी शब्दकोड्यात डोके घातले.

"महिंद्रा!" मेहुणा गरजला. "आपली महिंद्रा! त्यांचा पहिला ग्रां प्री विजय. आहेस कुठे!"

"पण तो तर रायडर चांगला होता म्हणून..." भाचा म्हणू लागला.

"रायडर कसला? गाडी!" वीस वर्षे माणसाची बाजू लढवणारा माझा मेहुणा टेबलावर हात आपटून म्हणाला. "गाडीत दम होता!"

हिने कोड्यातून मान वर करून आडवे चार, पाच अक्षरी, 'पक्षांतर करणारा' ह्याला शब्द विचारला.