प्रवासवृत्त आणि मधला मुलूख

मराठी प्रवासवाङ्मयाचा विचार करताना प्रवासी कोठे गेला, हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. त्याने काय पाहिले, हा दुसरा. आणि त्याचे व्यक्तिमत्त्व लेखनात कितपत उतरले, हा तिसरा. तो कोणत्या वाहनाने गेला आणि वाटेत कोणाकडे काय मागण्याची पाळी त्याच्यावर आली, हे प्रश्न मात्र तपशिलाचे म्हणून बाजूस ठेवले जातात. वस्तुतः प्रवासवृत्ताचे रूप ठरविण्यात या दोन गोष्टींचा वाटा फार मोठा असतो. अमेरिकेच्या ग्रामीण भागातून सायकलवर एकट्याने केलेला दीर्घ प्रवास हा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा विषय आहे. त्याच्या निमित्ताने एका जुन्या मराठी ग्रंथाकडेही नव्याने पाहता येते.

हा विचार मुंबई-पुण्यापेक्षा रायपूरला अधिक स्वाभाविकपणे सुचावा. रेल्वे स्टेशन आणि ग्रेट ईस्टर्न रोड या दोहोंपासून जवळ असलेल्या समता कॉलोनीत राहणाऱ्या मराठी वाचकाला आपला प्रदेश लोक कसा ओलांडून जातात, हे रोज दिसते. नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या प्रवाशाच्या लेखी रायपूर म्हणजे मध्येच लागणारे एक स्टेशन. छत्तीसगड ही भाताची कोठी म्हणून देशाला ठाऊक आहे. तेथील तांदूळ दूरवर खाल्ला जातो, पण प्रवासवर्णनात हा मुलूख एका वाक्यात संपतो. अमेरिकेतील कॅन्ससची अवस्था याहून फारशी वेगळी नाही. गव्हाचे राज्य म्हणून त्याची ख्याती आहे आणि विमानातून जाणाऱ्याला ते केवळ चौकोनी तुकड्यांची जमीन म्हणून दिसते. अशा भूभागाला येथे ‘मधला मुलूख’ म्हटले आहे. गाडी आणि विमान तो गाळू शकतात. सायकलला तो गाळता येत नाही.

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ओरेगॉनमधील अस्टोरियापासून व्हर्जिनियातील यॉर्कटाउनपर्यंत सुमारे ६,८०० किलोमीटरचा सायकलमार्ग आखण्यात आला. मोठी शहरे टाळून लहान गावांना जोडीत जाणे, हे त्याचे वैशिष्ट्य. अशा मार्गावरील एकट्या सायकलस्वाराच्या दिवसाला वारा, चढ, पाणी आणि रात्रीचा निवारा यांचेच व्यवधान असते. प्रेक्षणीय स्थळांची यादी त्याला उपयोगी पडत नाही, कारण तिच्यातील दोन नावांमध्ये चार-पाच दिवसांचे अंतर असते. त्याच्या लेखनाला लागणारी सामग्री त्या चार-पाच दिवसांतूनच यावी लागते. म्हणून सायकलवरील प्रवासवृत्तात वर्णनापेक्षा कथनाला, आणि स्थळापेक्षा वाटेला, आपोआपच प्राधान्य मिळते.

तथापि मंदगती हीच सहृदयतेची हमी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो टिकणारा नाही. याचा पडताळा १८८६ या एकाच वर्षात मिळतो. टॉमस स्टीव्हन्स हा इंग्लंडात जन्मलेला तरुण १८८४ मध्ये उंच चाकाच्या सायकलवरून सॅन फ्रान्सिस्कोहून बोस्टनला पोहोचला. त्या सायकलचे पुढचे चाक जवळजवळ छातीइतके उंच होते, आणि रस्ते असे होते की, एक-तृतीयांशाहून अधिक वाट त्याला पायी तुडवावी लागली. अमेरिका सायकलने आडवी ओलांडणारा तो पहिला प्रवासी. पुढे तो पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला आणि १८८६ मध्ये लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत हिंदुस्थानातून गेला. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियास पोहोचल्या आणि १८८८ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत राहिल्या. एक पाश्चात्त्य प्रवासी सायकलवरून हिंदुस्थान पाहत होता आणि एक मराठी विदुषी आगगाडीने अमेरिका पाहत होती. स्टीव्हन्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८८७ आणि १८८८ मध्ये निघाला; रमाबाईंचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ १८८९ मध्ये.

या दोहोंची तुलना केली असता गतीचा न्याय उलटा पडतो. स्टीव्हन्स हळू जातो, रस्त्याची धूळ खातो, पावलोपावली थांबतो. परंतु राज्यकर्त्या जातीच्या माणसाची नजर त्याच्या बरोबर सायकलवर बसलेली असते. भोवती जमणारी माणसे त्याला मौजेचा विषय वाटतात. रमाबाई वेगाने जातात. पण राज्यपद्धती, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ, स्त्रियांची अवस्था, व्यापार यांचा शोध घेतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे त्यांना कौतुक आहे, तरी गुलामगिरीचा कलंक आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय त्यांनी झाकलेला नाही. कोणाला खरोखर काही दिसले, याचे उत्तर वाहनावरून देता येत नाही.

मग ते कशावरून द्यावे? रमाबाई अमेरिकेत पाहुण्या होत्या, तशाच याचकही होत्या. हिंदुस्थानातील बालविधवांसाठी शाळा काढण्याकरिता त्या साहाय्य मागत होत्या. बोस्टन येथे १८८७ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत करण्याचे पत्करले, आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडले. ज्याला समाजाकडून काही हवे असते, त्याला तो समाज कसा चालतो हे समजून घ्यावेच लागते. मंडळे कशी स्थापन होतात, स्त्रिया सभा कशा भरवितात, वर्गणी कशी जमते, हे रमाबाईंच्या ग्रंथातील विषय त्यांच्या गरजेतून आले आहेत. त्या गरजेमुळे त्यांची दृष्टी तीक्ष्ण झाली.

मराठीतील दुसरे मोठे प्रवासवृत्त हाच न्याय सांगते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते मथुरेस बायजाबाई शिंदे करणार असलेल्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने. वाटेत बंडाने त्यांना गाठले आणि झाशीच्या वेढ्यात ते सापडले. १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे मोल इतिहासाचे साधन म्हणून मानले गेले. पण त्याचा खरा जिवंतपणा भिक्षुकाच्या गरजेत आहे. आज अन्न कोठे, रात्रीचा मुक्काम कोणाकडे, कनवटीचे द्रव्य कसे राखावे, या चिंतांमुळे भटजींना माणसे जवळून पाहावी लागली. पायी चालणारा भिक्षुक, वर्गणी मागणारी विदुषी आणि अनोळखी दारी पाणी मागणारा सायकलस्वार यांच्यात हे नाते आहे.

१९४० मधील अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’पासून मराठी प्रवासवर्णनाला लालित्य लाभले, आणि १९६० मधील पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त प्रवाशाने स्वतःच्या मराठीपणाकडे हसून पाहण्याची कला परिपूर्ण झाली. हा लाभ अमोल आहे. परंतु त्याची एक किंमतही पडली. प्रवाशाचे व्यक्तिमत्त्व केंद्रस्थानी आले आणि अनुकरण करणाऱ्यांच्या हाती प्रदेश केवळ त्याची पार्श्वभूमी होऊन राहिला. ज्याची तिकिटे काढलेली आहेत, ज्याच्या निवासाची सोय झालेली आहे, त्याला परक्यांच्या दयेवर अवलंबून राहावे लागत नाही. त्यामुळे परका माणूस त्याच्या लेखनात किस्स्यापुरता येतो आणि जातो.

येथे भाषेचाही प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकन ‘प्रेअरी’ला मराठीत काय म्हणावे? ‘माळ’ म्हटले तर खडकाळ, नापीक जमीन डोळ्यांपुढे येते. ‘कुरण’ म्हटले तर राखून ठेवलेले गवत. ती जमीन तर अतिशय सुपीक असून आता बहुतांशी नांगराखाली आहे. ‘गाव’ हा शब्दही असाच फसवा आहे. मराठी मनातील गाव म्हणजे गावठाण : घराला घर लागलेले, आणि शेते त्याच्या बाहेर. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात शेतकरी आपल्या जमिनीतच, आपल्याकडे मळ्यात राहतात तसा, पण कित्येक पटींनी एकाकी राहतो. यामागे कायदा आहे. १७८५ च्या अध्यादेशाने जमीन सहा मैलांच्या चौरसांत आणि त्या प्रत्येकाचे एकेक मैलाचे छत्तीस तुकडे पाडून मोजण्याची पद्धत घालून दिली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन दिली, ती त्याच जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसण्याच्या अटीवर. म्हणून रस्ते काटकोनात वळतात, म्हणून घरे दूरदूर पडतात, आणि म्हणून सायकलस्वाराला पाण्यासाठी मैलोगणती जावे लागते. त्यात पुन्हा कॅन्सससारख्या राज्यातील अनेक ग्रामीण भागांची लोकसंख्या विसाव्या शतकात घटत गेली. तेथे जे घर दिसते तेही कधी कधी ओसाड असते. सायकलस्वाराची तहान हे ‘प्रवासवृत्त’ आहे. १७८५ आणि १८६२ हे कायदे ही ‘लोकस्थिती’ आहे. रमाबाईंनी हे दोन शब्द एकाच मथळ्यात जोडले, आणि त्यांतही लोकस्थितीला पहिले स्थान दिले. सायकलवरील प्रवासवृत्ताचा कस याच जोडावर लागतो. तहान सांगून जो थांबतो तो दिनचर्या लिहितो; तहानेचे कारण ज्याला सापडते तो ग्रंथ लिहितो.

रमाबाईंना मात्र सायकल लाभण्यासारखी नव्हती. समान चाकांची सुरक्षित सायकल १८८५ मध्ये नुकतीच बाजारात येत होती, आणि डनलॉपने हवेची धाव बनविली ती १८८८ मध्ये, म्हणजे रमाबाईंनी अमेरिका सोडली त्याच वर्षी. ज्या मद्यपाननिषेधक स्त्रीसंघाविषयी त्यांनी आपल्या ग्रंथात आदराने लिहिले, त्याच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड पुढे त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यांनी त्या शिक्षणावर एक छोटे पुस्तक लिहिले. स्त्रीच्या स्वातंत्र्याचा विचार आणि तिच्या पायांखालचे वाहन यांची गाठ अशी थोड्याच वर्षांनी पडली.

आता महाराष्ट्राला या विषयाचा अनुभव दुरून घ्यावा लागत नाही. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे पारशी तरुण १९२३ मध्ये निघून १९२८ मध्ये सायकलने जग फिरून परतले. अमेरिका त्यांच्या वाटेवर होती. त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये इंग्रजीत झाला. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये, ऐन विशीत, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालविली. कॅनडाचा आडवा पल्ला त्यांत होता. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा एकट्याच्या गटात पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. कॅलिफोर्नियातील ओशनसाइडपासून मेरीलँडमधील अॅनापोलिसपर्यंत बारा राज्यांतून जाणारी सुमारे ४,९०० किलोमीटरची तेव्हाची ती वाट बारा दिवसांच्या आत संपवावी लागे.

या पराक्रमाविषयी आदरच वाटावा. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने एक भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. स्पर्धक एकटा सायकल चालवितो, पण एकाकी नसतो. त्याच्या मागे साहाय्यकांची गाडी असते, तीत अन्न, पाणी, औषध असते. कॅन्ससमधील ग्रीन्सबर्ग हे गाव त्या वाटेवरील वेळनोंदीचे एक ठाणे होते. त्याच गावाचा बहुतेक भाग ४ मे २००७ च्या चक्रीवादळाने जमीनदोस्त केला होता आणि नंतर ते पुन्हा उभारण्यात आले. घड्याळाशी झुंजणाऱ्याने तेथे थांबून विचारपूस करावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्याने तसे केले तर तो स्पर्धा हरेल. त्याच्या कथेचा विषय त्याचे शरीर, त्याची झोप आणि त्याची जिद्द हा आहे, आणि त्या विषयालाही मोठे वाङ्मय मिळू शकेल. फक्त ते प्रदेशाचे वाङ्मय असणार नाही. विक्रमाच्या कथेला प्रवासवृत्त म्हणून गौरविण्याचा मोह समीक्षेने टाळला पाहिजे. त्यात दोन्ही प्रकारांचे नुकसान आहे.

रायपूरच्या वाचकाकडे परत येताना या भेदाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. भोसल्यांच्या राज्यापासून या भागात मराठी नांदत आली आहे. समता कॉलोनीच्या शेजारी, चौबे कॉलोनीत, महाराष्ट्र मंडळ आहे. आणि ज्या वैद्यांनी गोडसे भटजींचा प्रवास छापला, त्यांचाच महाभारतावरील ग्रंथ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे यांची कर्मभूमी व अखेरचे निवासस्थान रायपूर हेच होते. सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्यही हिंदीत नेले. दोन भाषांच्या मधल्या मुलखात राहिल्यामुळेच हे कार्य त्यांच्या हातून झाले, असे म्हणता येईल. तरी मराठी वाङ्मयाच्या नकाशावर हा प्रदेश अद्याप वाटेवरचे स्टेशनच राहिला आहे.

म्हणून अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून एकट्याने सायकलवर गेलेल्या मराठी प्रवाशाचा ग्रंथ हाती येईल तेव्हा त्याला विचारावयाचे प्रश्न ठरलेले असावेत. किती मैल झाले, हे त्यांत नसावे. कोणाच्या दारी पाणी मागितले. ते दार तेथेच, शेजाऱ्यापासून इतक्या दूर, का होते. देणाऱ्याने काय विचारले. आणि प्रवासी निघून गेल्यावरही ते घर पानावर उरले की नाही, हे विचारले जावे. या प्रश्नांची उत्तरे देणारा ग्रंथ राजनांदगाव-दुर्गच्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही उपयोगी पडेल. रमाबाईंनी अमेरिकेत आणि विष्णुभटांनी बुंदेलखंडात जे केले, ते त्याने कॅन्ससमध्ये केले, असे मग निःशंकपणे म्हणता येईल.