भाकीत, पूर्ती आणि मराठी ख्रिस्ती काव्य

यवतमाळ येथे १९५३ साली युनियन बायबल सेमिनरी हे धर्मशास्त्राचे विद्यालय स्थापन झाले आणि १९८३ साली ते पुण्यास गेले. मधली तीस वर्षे विदर्भातील हे जिल्ह्याचे गाव बायबलच्या अभ्यासाचे एक केंद्र होते. अशा विद्यालयांत जुना करार व नवा करार यांच्या संबंधाचा प्रश्न श्रद्धेच्या अंगाने विचारला जातो. जुन्या करारातील संदेष्ट्यांनी जे सांगितले ते येशूच्या ठायी पूर्ण झाले, ही ख्रिस्ती धर्माची मूळ धारणा होय. ती खरी की खोटी हे ठरविणे साहित्यसमीक्षेचे काम नव्हे. परंतु एक ग्रंथ दुसऱ्या ग्रंथाची ‘पूर्ती’ आहे असे म्हटल्याने पहिल्या ग्रंथाचे काय होते, हा प्रश्न मात्र निखळ वाङ्मयीन आहे. आणि मराठीत त्याला दोन मोठी उत्तरे मिळालेली आहेत.

प्रथम पूर्तीची कल्पना स्पष्ट केली पाहिजे. भाकीत म्हणजे ज्योतिषाचे वर्तवणे आणि पूर्ती म्हणजे ते खरे ठरणे, असा सरळ अर्थ घेतल्यास नवा करार समजत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात संदेष्ट्याचे वचन पूर्ण व्हावे म्हणून अमुक घडले, अशी वाक्यरचना सुमारे दहा ठिकाणी येते. त्यांपैकी मिसर देशातून पुत्रास बोलाविल्याचे वचन होशेयाच्या ग्रंथातील आहे. होशेय तेथे भविष्य सांगतच नाही. इस्राएल लोकांच्या मिसरातील दास्यातून झालेल्या सुटकेची तो आठवण देत आहे. यशयाच्या सातव्या अध्यायातील बालकाच्या जन्माचे वचन इ. स. पूर्व आठव्या शतकात शत्रूंच्या भयाने गांगरलेल्या आहाज राजाला उद्देशून आहे. तेथील हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुण स्त्री’ असा होतो. ग्रीक भाषांतरात त्याचे ‘कुमारी’ झाले आणि मत्तयाने ते ग्रीक रूप स्वीकारले. यहुदी परंपरा ही वचने आजही वेगळ्या रीतीने वाचते.

जखऱ्याचे उदाहरण काव्याच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. राजा गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर बसून येतो, असे तेथे म्हटले आहे. एकच गोष्ट दोन चरणांत दोनदा सांगणे हा हिब्रू काव्याचा स्वभाव आहे. मार्क, लूक व योहान यांच्या वृत्तान्तांत एकच जनावर येते. मत्तय मात्र दोन जनावरे आणवितो. जुन्या वचनाचे अक्षर न् अक्षर पूर्ण व्हावे या आस्थेपुढे त्या वचनाचे काव्यपण येथे मागे पडलेले दिसते. सारांश, पूर्ती हे मूलतः पुनर्वाचन आहे. घडलेल्या घटनेच्या प्रकाशात मागील शब्द नव्याने वाचण्याची ती रीत आहे.

ही रीत मराठीत प्रथम आणली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ जुन्या कराराचे, ‘दुसरे पुराण’ नव्या कराराचे. मूळ पोर्तुगीज शीर्षकात ख्रिस्ताच्या जगात येण्याचाच निर्देश असल्याने, पहिल्या पुराणाची सर्व कथा त्या आगमनाकडे वळलेली आहे यात नवल नाही.

पुराणाचा आकार यासाठी सोयीचा होता. आपल्या पुराणांत कलियुगातील राजांच्या वंशावळी भविष्यकाळी रूपात येतात, कल्कीचे आगमन वर्णिलेले असते. तेव्हा भाकीत ऐकण्याची सवय श्रोत्यांना होतीच. परंतु पुराणांचा काळ युगायुगांनी फिरून येतो आणि अवतारही पुनःपुन्हा होतात. स्टीफन्स यांना सांगावयाचे होते ते एकदाच घडलेले आगमन. ओवी, वैकुंठ, श्रोता-वक्त्यांचा संवाद हे सारे त्यांनी घेतले. काळ मात्र चक्राकार न ठेवता सरळ रेषेत आणला. मराठी पुराणाच्या रूपात घडविलेला हा बदल हीच त्यांची सर्वांत धाडसी वाङ्मयीन कृती होय, असे म्हणावे लागते.

तथापि येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? ग्रंथ हा या प्रश्नाचा जबाब आहे. साष्टीतील या श्रोत्यांना ‘पहिले पुराण’ म्हणून जे मिळाले ते त्यांचे स्वतःचे नव्हते. ते इस्राएलाचे होते. आपले भाकीत पूर्ण झाले असे इस्राएलाच्या वंशातील पहिले ख्रिस्ती म्हणू शकत होते. साष्टीच्या श्रोत्याला मात्र पूर्तीच्या आधी दुसऱ्याचा भूतकाळ स्वीकारावा लागला. स्टीफन्स यांच्या मराठीविषयीच्या उत्कट प्रेमाने ही उणीव झाकली जाते, पण भरून निघत नाही.

तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी दुसरे उत्तर दिले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, अशी कृतज्ञता व्यक्त केली. त्यांनी १९०९ साली आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायना’चे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले, पुढील चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि अखेरचा देवदत्त टिळकांनी. टिळकांच्या या भूमिकेत मराठी भक्तिपरंपराच ‘जुन्या करारा’च्या स्थानी येते. श्रोत्याला परका भूतकाळ घ्यावा लागत नाही. स्वतःचाच भूतकाळ पुढे नेता येतो. स्टीफन्स यांच्या मानाने हे उत्तर अधिक उदार आहे, यात संशय नाही.

परंतु औदार्यालाही एक धोका असतो. पूल हा ओलांडण्यासाठी असतो. पलीकडे गेलेला माणूस त्यावर घर बांधीत नाही. वारकऱ्याला तुकोबा कशाचा पूल वाटत नाहीत. तेथेच त्याचा मुक्काम आहे. होशेयाच्या वचनाचा मूळ अर्थ मत्तयाच्या वाचकाला दिसेनासा व्हावा, तसेच अभंगाचे होऊ शकते. टिळकांच्या उत्तम रचनांत हे घडत नाही, कारण तेथे अभंगाची लय तिच्या स्वतःच्या बळावर उभी असते. त्यांचे मोठेपण या संयमात आहे.

यावरून समीक्षेला एक कसोटी हाती लागते. पूर्तीचे वाचन समर्थ ठरते ते पहिल्या शब्दाचा पहिला अर्थ शाबूत ठेवूनच. आहाज राजाचे भय, होशेयाची आठवण, जखऱ्याच्या चरणांची द्विरुक्ती आणि तुकोबांची विठ्ठलनिष्ठा ही नव्या अर्थाच्या शेजारी जिवंत राहिली, तरच ‘पूर्ण झाले’ या शब्दांना वजन येते. ती पुसली गेली तर मागे पूर्ती उरत नाही. केवळ ताबा उरतो. शांताराम बंडेलू यांच्या १९५६ सालच्या देवनागरी आवृत्तीमुळे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी अभ्यासकाच्या आटोक्यात आले. त्याच्या दोन पुराणांतील संबंध या कसोटीवर अवस्वरागणिक तपासणे हे आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे काम आहे.